कोरी चौकट आणि कोरडी विहीर : डेटाचा आकार बदलताना काय हरवतं?

आधी एक छोटं गणित करू. खाली पाच गावांतल्या पाच विहिरी आहेत. गावं माळशिरस तालुक्यातली आहेत, आकडे मात्र समजावून सांगण्यासाठी मी घेतलेले आहेत. जमिनीपासून किती मीटर खाली पाणी लागलं, ते लिहिलंय. म्हणजे आकडा मोठा तर पाणी खोल.

| विहीर | विहिरीची खोली | मे, पहिलं वर्ष | मे, दुसरं वर्ष |
|---|---|---|---|
| वेळापूर | १० | ५.० | ६.० |
| अकलूज | ९ | ४.० | ४.५ |
| नातेपुते | १२ | ७.० | ८.५ |
| माळशिरस | १० | ८.० | कोरडी |
| पिलीव | १२ | ११.० | कोरडी |

दुसरं वर्ष दुष्काळाचं. आता सरासरी काढा. पहिल्या वर्षी ३५ भागिले ५, म्हणजे ७ मीटर. दुसऱ्या वर्षी 'कोरडी' हा काही आकडा नाही, म्हणून प्रोग्राम तो वगळतो आणि उरलेल्या तीन विहिरींची सरासरी देतो: १९ भागिले ३, म्हणजे ६.३ मीटर.

पाणी वर आलं! दोन विहिरी आटल्या, उरलेल्या तिन्ही खाली गेल्या, आणि सरासरी सांगते की परिस्थिती सुधारली.

मी स्वतः असा आलेख काढून गाईडना दाखवलेला आहे. मॅडमनी तो दोन मिनिटं बघितला आणि शांतपणे विचारलं, "दुष्काळात पाणी वर आलं का रे? गावात कुणाला विचारलंस?" मला वाटलं चूक सूत्रात असेल. सूत्र बरोबर होतं. चूक त्याच्या दोन पायऱ्या आधी, तक्त्याचा आकार बदलताना झाली होती. त्यानंतर मी त्या कामासाठी एक छोटी लायब्ररी लिहिली. ती कशी लिहावी, आणि मुळात का लिहावी, हे या लेखात सांगतो. तुम्ही भूजलावर काम करत नसाल तरी वाचा. कारण 'कोरडी'सारखा शब्द तुमच्याही डेटात कुठेतरी बसलेला असणार. प्रयोगशाळेत तो 'यंत्राच्या क्षमतेपेक्षा कमी' असा असतो, सर्वेक्षणात 'सांगायचं नाही' असा.

आडवा तक्ता, उभा तक्ता

केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारीत, पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. पावसाळ्याआधीची मोजणी आपल्याकडे मे महिन्यातली धरा. अशा दहा वर्षांच्या नोंदी माणूस वहीत कशा लिहील? डावीकडे विहिरींची नावं, आणि उजवीकडे 'मे-११', 'ऑगस्ट-११', 'नोव्हें-११' असे चाळीस रकाने. हा आडवा तक्ता. वाचायला सोपा, छापायलाही सोपा.

पण प्रोग्रामला तो अवघड जातो. 'मे-११' या एका शीर्षकात दोन गोष्टी कोंबल्या आहेत, महिना आणि वर्ष. तुम्हाला फक्त मे महिने हवे असतील तर रकान्यांची नावं तोडत बसावं लागतं. उभ्या तक्त्यात प्रत्येक मोजणीला स्वतःची ओळ मिळते: विहीर, वर्ष, महिना, पातळी. मग 'फक्त मे' हा साधा प्रश्न होतो.

हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये 'टायडी डेटा' हा लेख लिहिला. त्यातला नियम एका ओळीत सांगता येतो: प्रत्येक चल राशीला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो लेख जरूर वाचावा. त्यात अवघड गणित नाही, आणि आपले बहुतेक तक्ते का छळतात ते वाचता वाचता कळतं.

वितळवायचं आणि ओतायचं

विकहॅम यांनीच त्याआधी आर भाषेसाठी 'रीशेप' नावाचं एक छोटं पॅकेज लिहिलं होतं. त्यातल्या दोन मुख्य क्रियांची नावं 'मेल्ट' आणि 'कास्ट'. शब्द ओतकामातले आहेत. धातू आधी वितळवायचा, मग हव्या त्या साच्यात ओतायचा. आडवा तक्ता वितळवला की उभा होतो, आणि उभा तक्ता साच्यात ओतला की हवा तसा आडवा. पुढे 'रीशेप२' आलं, मग 'टायडीआर' आलं. २०१९ मध्ये टायडीआरने या क्रियांना 'पिव्हट लाँगर' आणि 'पिव्हट वाइडर' अशी नवी नावं दिली. पायथनमध्ये वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या पांडाजमध्ये 'मेल्ट', 'पिव्हट', 'पिव्हट-टेबल' ही सगळी मंडळी आहेत.

मग तुम्ही विचाराल, एवढं सगळं तयार असताना आपली लायब्ररी कशाला? रास्त प्रश्न आहे. वितळवण्याचं काम पुन्हा लिहू नका, ते पांडाजवरच सोपवा. पण पांडाजला फक्त आकार कळतो. विहीर कोरडी असणं म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही आणि असायची अपेक्षाही नाही. ते ज्ञान तुमच्याकडे आहे, आणि ते डोक्यात न ठेवता कोडमध्ये एकाच जागी लिहून ठेवायचं. छोटी लायब्ररी म्हणजे एवढंच.

नेमकं कुठे हरवतं?

माझ्या अनुभवात चार जागा आहेत.

पहिली, मजकुराचा आकडा करताना. रकान्यात 'कोरडी' आहे म्हणून पांडाज तो रकाना मजकूर समजतं. आपण वैतागून म्हणतो, 'सगळ्याचे आकडे कर, जमत नसेल तिथे रिकामं सोड.' हा पर्याय एका शब्दात मिळतो, म्हणून सगळे वापरतात. त्याच क्षणी 'कोरडी' आणि 'कर्मचारी त्या दिवशी पोचलाच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी एकच होतात. कोरडी विहीर कोऱ्या चौकटीत जाते. मराठीत फरक एका अक्षराचा आहे, पण अर्थात जमीन-अस्मानाचा. कोरडी म्हणजे मोजणी झाली आणि उत्तर मिळालं: पाणी तळाच्याही खाली आहे. कोरी म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही.

दुसरी जागा सरासरी. पांडाज रिकाम्या चौकटी गुपचूप वगळून सरासरी देतं. आर भाषेत तसं होत नाही. तिथे एक नोंद जरी हरवलेली असेल तरी उत्तरच 'हरवलेलं' असं येतं, आणि वगळायचं असेल तर तुम्हाला तसं स्पष्ट लिहावं लागतं. सुरुवातीला याचा राग येतो. आता मला तो सभ्यपणा वाटतो.

तिसरी जागा म्हणजे पुन्हा आडवं करताना. एका विहिरीच्या एकाच महिन्याच्या दोन नोंदी असतील तर पांडाजचं 'पिव्हट' एरर देऊन थांबतं. 'पिव्हट-टेबल' थांबत नाही, काही न सांगता दोघींची सरासरी घेतं. आणि एखाद्या विहिरीच्या सगळ्याच नोंदी रिकाम्या असतील, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये पिव्हट-टेबल ती ओळच काढून टाकतं. म्हणजे जी विहीर सगळ्यात जास्त आटली, तीच तक्त्यातून अख्खी नाहीशी!

चौथी जागा फाइलची. आकार बदलला की ओळी वाढतात, आणि प्रत्येक फाइल प्रकाराला मर्यादा असते. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या प्रकारात १०,४८,५७६. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हे फार महागात पडलं. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरला जात होता, मर्यादा संपली आणि पुढच्या ओळी गळाल्या. कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभराच्या आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवता आलं नाही. कुणी खोटा आकडा लिहिला नव्हता, फक्त एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना सांडलं.

एक्सेलची दुसरी खोड तुम्हाला माहीत असेल: तारखेसारखं काही दिसलं की ते तारीख करून टाकतं. जनुकशास्त्रात 'मार्च१' नावाचं जनुक होतं. एक्सेल त्याची १ मार्च करायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. आता आपला 'मे-११' आठवा. त्याची ११ मे झाली तर वर्ष गेलं.

छोटी लायब्ररी, पाच कामं

माझी लायब्ररी दीडशे ओळींचीसुद्धा नाही. फंक्शनांची नावं मी मराठीत ठेवली आहेत. पायथन ३ मध्ये ती चालतात, आणि सहा महिन्यांनी वाचताना मला स्वतःलाच बरं पडतं.

१. 'उभं_कर'. आडवा तक्ता घेतं, वितळवतं आणि शीर्षक फोडून महिना आणि वर्ष वेगळं करतं. इथेच मी आणखी एक रकाना घालतो, 'पाऊसवर्ष'. नोव्हेंबर २०११, जानेवारी २०१२ आणि मे २०१२ या तिन्ही नोंदी २०११ च्याच पावसाचा हिशोब सांगतात. जलवर्ष जून ते मे असं धरतात ते याचसाठी. सोलापूर जिल्ह्यात तर पावसाचा मोठा भाग सप्टेंबरच्या आसपास पडतो. कॅलेंडरच्या वर्षाने गट पाडले तर जानेवारीची पातळी अजून न पडलेल्या पावसाच्या खात्यावर जाते.

२. 'नोंद_वाच'. हा लायब्ररीचा जीव. एका चौकटीतला मजकूर घेऊन दोन गोष्टी परत देतो: आकडा आणि स्थिती. स्थिती चारच आहेत: मोजली, कोरडी, मोजली नाही, कळत नाही. '६.५' आलं तर आकडा ६.५ आणि स्थिती 'मोजली'. 'कोरडी' आलं तर आकडा रिकामा, पण स्थिती 'कोरडी'. चौथी स्थिती फार महत्त्वाची आहे. '६..५' किंवा 'वि. बुजली' असं काही आलं तर अंदाज करायचा नाही. 'कळत नाही' म्हणायचं, आणि शेवटी अशा सगळ्या चौकटींची यादी छापायची. ती यादी हाताने बघायला मला पंधरा मिनिटं लागतात. बुजलेली विहीर ही मे महिन्यात आटलेली विहीर नव्हे, हे त्या पंधरा मिनिटांतच कळतं.

३. 'ओळख_जुळव'. विहिरीची ओळख नावावर ठेवू नका, कोडवर ठेवा. वेळापूर कुठे 'वेळापूर' असतं, कुठे 'वेळापुर', आणि रोमन लिपीतून परत आलं की 'वेलापूर' होतं. नावं बदलतात: उस्मानाबाद धाराशिव झालं, अहमदनगर अहिल्यानगर झालं. जिल्हेही फुटतात: २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. याहून फसवं म्हणजे दिसायला तंतोतंत सारखी नावं. 'कऱ्हाड'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता असा जोडून. डोळ्यांना एकच शब्द, प्रोग्रामला दोन. यावर 'नॉर्मलायझेशन' नावाचा तयार उपाय पायथनमध्येच आहे. नावांची तुलना करण्याआधी तो लावायचाच. आणि कोड कायम मजकूर म्हणून वाचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे कोड शून्यापासून सुरू होतात. आकडा म्हणून वाचले की तो शून्य गेला, आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळणीही गेली.

४. 'आडवं_कर'. उभ्याचा पुन्हा आडवा तक्ता. दुहेरी नोंद सापडली तर हे थांबतं आणि कोणती विहीर, कोणता महिना ते सांगतं. सरासरी घेत नाही. विहिरींची यादी ते वेगळ्या फाइलमधून घेतं, नोंदींमधून नाही. त्यामुळे पूर्ण आटलेली विहीरसुद्धा आपल्या ओळीत हजर असते.

५. 'कोश_कर'. नकाशावर दाखवायला जेसन फाइल लागते. प्रत्येक विहिरीखाली तिच्या नोंदींची यादी असा हा घरात घर असलेला आकार. इथे दोन खड्डे आहेत. जेसनमध्ये किल्ली नेहमी मजकूर असते. २०१९ हा आकडा किल्ली म्हणून दिला तर परत येताना तो मजकूर होऊन येतो, आणि मग तुमची वर्षं जुळत नाहीत. दुसरं, 'आकडा नाही' ही पांडाजची खूण प्रमाण जेसनमध्ये बसत नाही. पायथन ती बिनदिक्कत लिहितं, पण पुढचा प्रोग्राम फाइल वाचायला नकार देऊ शकतो. म्हणून रिकाम्या जागी 'नल' लिहायचं, आणि शेजारी स्थिती.

जाऊन परत या

आता सगळ्यात उपयोगी तपासणी. आडवा तक्ता उभा करा, उभ्याचा पुन्हा आडवा करा, आणि मूळ तक्त्याशी ताडून बघा. चौकट न् चौकट सारखी आली पाहिजे, 'कोरडी' हा शब्दसुद्धा. गावाला जाऊन परत आलेल्या माणसाची पिशवी रिकामी असेल तर वाटेत काहीतरी झालंय, तसंच हे.

दुसरी तपासणी तोंडी करण्यासारखी आहे. पाच विहिरी, चाळीस मोजण्या, म्हणजे उभ्या तक्त्यात बरोबर २०० ओळी. एकशे त्र्याण्णव आल्या तर सात कुठे गेल्या ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. तिसरी: चारही स्थितींची बेरीज दर वर्षी करून बघा. 'कोरडी' कमी झाल्या आणि 'मोजली नाही' वाढल्या, असं एखाद्या दुष्काळी वर्षात दिसलं, तर पाऊस तपासण्याआधी नोंदणीची पद्धत बदलली का ते तपासा.

या तपासण्या मी एका फाइलमध्ये ठेवल्या आहेत. कोडमध्ये काहीही बदललं की आधी ती फाइल चालवतो. एक मिनिटसुद्धा लागत नाही.

मग त्या पाच विहिरींचं उत्तर काय?

सुरुवातीच्या तक्त्याकडे परत येऊ. स्थितीचा रकाना जपला तर आपल्याकडे निदान तीन प्रामाणिक वाटा उरतात.

एक, दोन्ही वर्षी पाणी असलेल्या विहिरींचीच तुलना. वेळापूर, अकलूज, नातेपुते: पहिल्या वर्षी सरासरी ५.३, दुसऱ्या वर्षी ६.३. म्हणजे पाणी एक मीटरने खाली गेलं. दिशा बरोबर आली, पण हे फक्त तगलेल्या विहिरींचं उत्तर आहे, आणि तसं लिहावं लागेल.

दोन, कोरड्या विहिरीला तिची खोली द्यायची. पाणी तळाच्या खाली आहे, म्हणजे निदान १० आणि १२ मीटर. बेरीज ४१, सरासरी ८.२. इथे 'कमीत कमी ८.२' असं लिहायचं, कारण खरं पाणी किती खोल आहे ते विहीर सांगू शकत नाही.

तीन, मध्यक. पहिल्या वर्षीच्या आकड्यांचा मध्यक ७. दुसऱ्या वर्षी चढत्या क्रमाने लावा: ४.५, ६, ८.५, दहाच्या पुढे, बाराच्या पुढे. मधला ८.५. कोरड्या विहिरीचं पाणी नेमकं किती खोल आहे हे माहीत नसूनही मध्यक पक्का मिळतो, कारण त्या दोन्ही मधल्या आकड्याच्या पलीकडेच आहेत. निम्म्याहून जास्त विहिरी आटल्या तर मात्र ही वाटही बंद होते.

तिन्ही वाटा सांगतात की पाणी खाली गेलं. उलटं सांगणारी वाट एकच होती, जिच्यात आपण काहीच ठरवलं नव्हतं आणि सगळं आपोआप होऊ दिलं होतं.

आणि हे आपोआप होणारं वगळणं कधी निष्पक्ष नसतं. माळशिरस तालुक्याचा एक भाग नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा, उसाचा. पिलीवकडचा भाग कोरडवाहू. आटते ती सहसा कोरडवाहू भागातली विहीर. तिला वगळलं की सरासरीत कालव्याचं पाणी पिणाऱ्या विहिरी उरतात, आणि तुमचा आलेख नकळत बागायतदाराचा होतो. हे निव्वळ संगणकाचं प्रकरण नाही. २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीस राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. असा निर्णय घेताना बघायच्या निर्देशांकांत भूजलाची पातळीही असते. एखादा तालुका कोणत्या बाजूला पडतो यावर वसुली, फी आणि टँकर अवलंबून असतात. अशा आकड्यांच्या मुळाशी कुणीतरी, कुठेतरी, एक तक्ता आडव्याचा उभा केलेला असतो.

तुम्ही आता काय कराल?

लायब्ररी लगेच लिहू नका. आधी आपल्या डेटातली एक फाइल उघडा आणि एकाच रकान्यातल्या सगळ्या वेगवेगळ्या नोंदींची यादी काढा. आकडे बाजूला ठेवा, फक्त शब्द बघा: 'कोरडी', 'निरंक', '-', '०', 'बंद', 'मो. ना.'. प्रत्येकापुढे पेनने लिहा की मोजणाऱ्या माणसाला त्यातून काय सांगायचं होतं. कळलं नाही तर त्याला फोन करा, किंवा जाऊन भेटा. उन्हात उभं राहून विहिरीत टेप सोडणाऱ्या माणसाने 'कोरडी' असं लिहिलं, ते एक निरीक्षण आहे. आपण खोलीत बसून ते पुसायचं नाही.

ती यादी झाली की लायब्ररीचं दुसरं फंक्शन जवळजवळ लिहून झालेलं असेल. बाकीची चार सोपी आहेत.